एकाच बाजूला

पंखाच्या टोकावरचा दिवा लुकलुकायचा
आणि हेडफोनात
एक बारीक किर्र चढत जायची,
मग टक्.
पुन्हा किर्र.

तीन दिवस सांबऱ्याच्या हँगरात
मी त्या शिकाऊ विमानाच्या मागे.
दिव्याचा पॉवरपॅक बदलला.
अँटेनाच्या बुडाचा गंज खरवडला.
पंख आणि धड यांमधली तांब्याची विणलेली पट्टी
सोडवली, पुसली, आवळली.
मीटरवर दोन मिलिओहम.
म्हणजे ठीक. म्हणजे दोष इथेही नाही.

इराप्पा तोटगी स्टुलावरून म्हणाले,
"काय शोधूलैस गं, आवाज की तार?"
मी काही बोलले नाही.

मुचंडीत आबा वायरमन होते.
उन्हाळ्यात पंपाच्या खोलीमागे
अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतायचे.
मीठ, कोळसा, तांबडी माती.
"जमीन सुकली की वीज माणसातून वाट काढते."
इथे तर जमीनच नाही.
उडणाऱ्याची जमीन म्हणजे त्याचंच अंग,
पत्र्याला पत्रा, रिव्हेटमागे रिव्हेट,
परतीचा सगळा रस्ता कातडीतून.

आबांच्या ट्रान्झिस्टरवर
शेजारचे माग सुरू झाले की खरखर व्हायची,
धारवाड आणि सांगली एकमेकांत कालवायची.
बाजारभाव कानडीत सुरू व्हायचे
ते मराठीत संपायचे.
आबांना दोन्हीकडचा कांदा कळायचा.

चौथ्या दिवशी जॅकची पट्टी उघडली.
तारेवरची जाळी
तिकडे रेडिओपाशी जमिनीला टेकलेली,
इकडे ती सुटी हवी.
पण जॅकखालचा फायबरचा वॉशर नव्हता.
चार आण्याएवढा.
जाळी दोन्ही टोकांनी पत्र्याला लागलेली,
दोन जागच्या दोन जमिनी, त्यांच्यात केसभर फरक,
आणि तेवढ्या फरकावर
दिव्याचा करंट शिकाऊ पोराच्या कानावरून
घरी जात होता.

लॉगबुक मागे चाळलं.
डिसेंबरची तपासणी. जॅक काढला. जॅक बसवला.
खाली सही माझी,
वळणदार, अजिबात घाईची न वाटणारी.

इराप्पांनी पान पाहिलं असेल, नसेल.
चुन्याच्या जुन्या डबीतून एक वॉशर काढून
माझ्या तळहातावर ठेवला.
"ओंदे कडे," म्हणाले,
मग माझ्यासाठी पुन्हा,
"एकाच बाजूला, पोरी."

मला पहिल्या वेळीच कळलं होतं.

दोष कुणाचा, याला वहीत रकाना नसतो.
शेऱ्याच्या जागी लिहिलं:
वॉशर मागच्या वेळी राहिला होता. माझ्याकडून.
शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

मग हेडफोन लावून बसून राहिले.
दिवा लुकलुकत होता, नुसता लुकलुकत.
इतकं शांत
की टॉवर दुसऱ्याच कुणाला सांगत होता ते ऐकू आलं:
वारा पश्चिमेचा,
आठ नॉट.