पाणी जोखताना

नामिलोंगोचा हातपंप अकरा आठवडे कोरडा होता
आणि मी जिवंत पाण्यावर उपदेश करत होतो.
चांगला झाला होता उपदेश, खरंच.
मागच्या बाकावर माकवाले म्हातारी डोळे पुसत होती.
(नंतर कळलं, ती रात्री दोनलाच उठली होती
झोंबा डोंगराखालच्या झऱ्यावर नंबर लावायला;
डोळे नुसते चुरचुरत होते.)

फालेसी नासिबेको उशिरा आली.
महिला मंडळाचा पांढरा ब्लाउज, काळा स्कर्ट,
आणि कोपरापर्यंत ग्रीस.
दारातूनच म्हणाली,
"पाळकसाहेब, आमेन झालं की चार माणसं द्या.
गाणारी नकोत. दमाची हवीत."

मीही गेलो.
पाळकानं जायला हवं म्हणून.
आणि जाताना लोकांनी बघावं म्हणूनही,
आता लपवून काय करू.

तिनं लोखंडी सळई माझ्या हातात दिली.
"धरा. सोडू नका."
एवढंच.
खाली चाळीस मीटर अंधार,
सळईला जोडलेली सळई, तिला जोडलेली सळई.
हात सुटला असता
तर पंप गेला असता, आणि त्याच्यासोबत
चिल्वाच्या सुक्या मासळीवर जमवलेले
साऱ्या वस्तीचे क्वाचे.
तळहातांना घाम.
बारा वर्षांच्या सेवेत
इतकी आखूड प्रार्थना मी केली नव्हती:
सोडू नको, सोडू नको.
कोण कोणाला म्हणत होतं, कोण जाणे.

शेवटी वर आलं ते एवढंसं रबर,
तान्ह्या बाळाच्या बांगडीएवढं, एका कडेनं झिजलेलं.
फालेसीनं ते उन्हात धरलं.
"याच्यासाठीच प्रार्थना चालली होती ना आपली?
नाव ठाऊक नव्हतं कुणाला याचं."
टोमणा नव्हता तो.
असता तर सोसायला सोपा गेला असता.

तिच्या गीतपुस्तकाच्या शेवटी कोरी पानं आहेत,
तिथे पंपाचा हिशेब.
लेझिता, दिले. कापोलो, अर्धे दिले.
काही नावांपुढे नुसता ठिपका.
मी विचारलं, तर पान उलटून म्हणाली,
"हे गीत कितवं हो, एकशे चौदा?"
त्या वर्षी बाजारात
तिच्या भुईमुगाच्या पाट्या कमी आल्या.
मी मोजल्या. ठिपकेही मोजले.
जुळवून मात्र पाहिलं नाही, धीर झाला नाही.

पहाटे साडेचारला, पहिली बादली लागायच्या आधी
ती दांडा मारते आणि मोजते.
पाचव्या झटक्याला पाणी आलं, ठीक.
आठवर गेलं, रबर मागवायचं.
"बाराची वाट बघायची नाही," म्हणते,
"बारापर्यंत थांबतात
त्यांना मग उपासच करावे लागतात."
मग तिथेच, ओल्या सिमेंटवर, डोळे मिटून उभी राहते.
किती वेळ, ते मी मोजलेलं नाही.
मागची बाई बादली आपटते, तोवर.

रविवारी ती तिसऱ्या बाकावर बसते.
मी बोलायला लागलो की
गुडघ्यावर तिची बोटं हलतात,
एक, दोन, तीन.
मला आधी वाटलं, जपतेय काहीतरी.
जोखत होती.
गेल्या रविवारी मी प्रस्तावना गाळली,
गोष्टही गाळली, माझ्या शिक्षणाची ती आठवण तर गाळलीच.
बोटं सातवर थांबली.

बाहेर पडताना त्याबद्दल अवाक्षर नाही.
"माकवाले आजीच्या दाराची बिजागरी निखळलीय,
रात्री कुत्री आत शिरतात.
तुम्ही त्याच वाटेनं जाता ना?"

पाना आता माझ्या कोटाच्या खिशात असतो.
बायबलहून जड आहे.
खिसा दोनदा उसवला,
बायकोनं तिसऱ्यांदा शिवायला नकार दिलाय.