दंडावरचा वण

रविवारी बूथ शाळेच्या ओट्यावर,
सोमवारपासून घरोघर.
माझ्या खांद्याला निळी पेटी,
कौसाच्या हातात खडू.

जिंतूर रस्त्याच्या वीटभट्टीवर
घरांना दारंच नव्हती. खूण कुठं करायची?
भाजल्या विटांच्या एका थप्पीआड चूल होती, गोधडी होती.
कौसानं थप्पीवर लिहिलं: घर ४३.

बुधवारी परत गेलो
तर घर ४३ ट्रकमध्ये भरून
परभणीला गेलेलं.
कौसा हसत सुटली.
मी पत्रक धरून उभी.
"घर बंद" असा रकाना होता,
"घर विकलं" असा नव्हता.

तेवढ्यात सोमली आली, हात मातीनं माखलेले,
कडेवर आठ महिन्यांचं पोर.
"तीन डाव थेंब पाजले ह्याला.
दर डाव करंगळीला शाई लावता अन् जाता.
याची बहीण गोवरानं गेली,
तवा काहून नाही आली तुमची पेटी?"

पेटी तेव्हा केंद्रातल्या कपाटावर होती.
उलटी. कोरडी.
आत पालीनं अंडी घातलेली.
हे मी तिला सांगितलं नाही.

थेंब पाजले. शाई लावली.
मग पोराची बाही वर सारली,
का, ते माझं मलाच कळलं नाही.
डाव्या दंडावर वण नव्हता,
जन्मल्यावर टोचलं की उमटतो तो, मसुराएवढा.
दंड गुळगुळीत,
साच्यातून आत्ता निघालेल्या विटेसारखा.

त्या दुपारी लिंबाखाली बसून
पत्रकावर पट्टी धरली
आणि लाल पेनानं एक उभी रेघ ओढली.
वर लिहिलं: वण?

पर्यवेक्षक म्हणाले, हा रकाना नमुन्यात नाही.
म्हटलं, सर, बेरजेत धरू नका.
पण खोडूही नका.

आठवडा संपला. भट्ट्या, दोन तांडे,
पूर्णेच्या काठी उतरलेले मेंढरंवाले.
थेंब घेतलेले दोनशे सहा.
वण नसलेले एकोणचाळीस.
त्यातलं एकही नाव
माझ्या नेहमीच्या रजिस्टरात नव्हतं.
बारा वर्षं मी ते रजिस्टर
स्वच्छ अक्षरात भरत आले होते.

केंद्रात शेख मुनीर बर्फाची पाकिटं मोजत होता.
"मोहिमेसाठी नवा फ्रीज आला, तो काय परत नेणार आहेत?
बर्फ बुधवारी बी जमतो, सिस्टर.
आदल्या दिवशी सांगत जा फक्त."
एवढ्याच बोलण्यावर
भट्टीवरचा बुधवार सुरू झाला.
नकाशा मोहिमेचाच, कौसानं काढलेला:
विहीर, वाकडी बाभूळ, मुकादमाचं खोपट,
आणि बाणाच्या टोकाला, जिथं रस्ता संपतो, तिथं चार टिंबं.

पहिल्या बुधवारी तीन पोरं आली.
दुसऱ्या बुधवारी एक बाप आला भांडायला,
रातभर पोरगी तापानं फणफणली म्हणून.
आम्ही गोळी दिली, तो बसला, शिव्या दिल्या,
चहाही पाजला.
सोमली लांबून बघायची,
विटा थापत.

पाचव्या बुधवारी आली.
पोराची बाही तिनंच वर केली.
"ही गोवराची हाय का?"
हो म्हटलं.
सुई गेली, पोर किंचाळलं,
तिनं तोंड दुसरीकडं केलेलं.
मग म्हणाली,
"जमनाचं नाव बी लिवा."

मेलेल्या पोरीसाठी रजिस्टरात जागा नसते.
मी समासात लिहिलं. लाल पेनानं.
तिला वाचता येत नव्हतं,
तरी वाकून बघितलं तिनं,
शाई वाळेस्तोवर.