अर्धं मैदान

माझ्या खुर्चीवरून एकच गोल दिसतो,
रेंजहिल्सच्या बाजूचा.
दुसरा जिमखान्याच्या पत्र्याआड.
अठरा वर्षं झाली,
मी निम्मी मॅच बघतो, निम्मी ऐकतो.

पार्किंगचं काम. गाड्या टाकून उठता येत नाही.
एकदाच उठलो होतो,
पत्र्यापलीकडे पेनल्टी होती म्हणून,
तेवढ्यात एका मॅडमची अ‍ॅक्टिव्हा गेली.
चार दिवसांनी सापडली दापोडीच्या पुलाखाली,
पेट्रोल संपलेली.
माझा अर्धा पगार कापला.
गोल झाला होता, तेवढं बरं.

ट्रायल्सची नोटीस अजून लागलेली नाही.
काळोखे सर म्हणतात, गणपती उठू देत.
पण मला नोटीस लागत नाही.
पहाटे, फॅक्टरीचा भोंगा व्हायच्या आत,
परवा स्टँडला तीन सायकली होत्या,
काल पाच,
आज सात, आणि एक बुलेट, तिच्यावर तिघं,
मधल्याच्या गळ्यात बूट
नाडीला नाडी बांधून.
तळव्यांना वाळलेला चिखल. म्हणजे सुट्टीत
कुठेतरी खेळत होते. आळसावले नाहीत.

एक नवीन आहे. खडकी बाजारातला, बेनेडिक्ट.
वडिलांची जुनी स्प्लेंडर आणतो, बटण बंद पडलेली.
सगळे बसल्या बसल्या किक मारतात उजव्या पायानं.
हा खाली उतरतो, पलीकडून येतो,
आणि डाव्यानं मारतो.
एका फटक्यात चालू.
टोकनच्या वहीमागे मी लिहिलं: डावा.
खाली दोन रेघा.

गेल्या वर्षीची सेमीफायनल
ऐकण्याच्या बाजूला संपली.
ठण्ण!
लोखंडाचा आवाज वेगळा असतो, जाळीचा वेगळा,
मला कुणी सांगावं लागत नाही.
नंतर पलीकडे इतकं शांत झालं
की नळावरची बादली भरत आलेली ऐकू आली.
मयूरेश गलांडे आला, टोकन दिलं,
चावी फिरवली. गाडी चालू होईना.
मी गेटपर्यंत धक्का दिला.
तो काही बोलला नाही, मीही नाही.

वाटलं होतं, शेवटचं वर्ष त्याचं. गेला आता.

मग जूनमध्ये त्याचे वडील आले,
झाडाखाली स्कूटर लावली,
हेल्मेट पोटाशी धरून उभे राहिले.
म्हणाले, दोन विषय राहिले हो,
कॉस्टिंग आणि टॅक्स.
पोरगं वर्षभर अडकलं.
मी म्हटलं, होईल साहेब, सगळं नीट होईल.
आणि पावती फाडायला खाली वाकलो तेव्हा,
देवा, माफ कर,
मला हसू फुटलं.
ते दिसू नये म्हणून
पाच रुपयांची पावती फाडायला
मी दोन मिनिटं लावली.

रात्री बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.
म्हणाली, लोकाच्या पोराचं वर्ष गेलं
आणि तुम्हाला आनंद?
तुम्हाला काय मिळतं त्यातून?
खरंच, काय मिळतं.
मी ताट घेतलं. कॉस्टिंग म्हणजे काय ते
तिलाही माहीत नव्हतं, मलाही नाही.
पण डाव्या बाजूनं बेनेडिक्टनं टाकलेला बॉल
आणि मधे मयूरेश, हे
मला आमटीतही दिसत होतं.

आज सरांना गाठलं, दरवर्षीसारखं.
सर, टॉस जिंकलात तर
पहिला हाफ पत्र्याकडे मारा,
दुसरा इकडे.
ते हसले. म्हणाले, वाऱ्याचा अभ्यास दिसतोय तुमचा!
मी म्हटलं, हो सर. वारा.

फक्कीची दोन पोती येऊन पडलीत ऑफिसमागे.
मी त्यांच्यावर प्लास्टिक टाकलं, वर विटा ठेवल्या.
उद्या पहाटे पुन्हा मोजेन.
एवढीच एक धास्ती आहे:
अल्विन पास होऊन हिंजवडीला लागला नोकरीला,
आणि सकाळच्या या सगळ्या पोरांत
हातमोजे
अजून एकाच्याही पिशवीत दिसले नाहीत.