गास्केट

सियागंजात दुकानदार हसला :
"बाबूजी, इसका सामान अब सपने में मिलेगा."
मग कार्ब्युरेटरचं गास्केट
रेणुकाच्या लग्नपत्रिकेतून कापलं.
पुठ्ठा जाड, महागाचा.
गणपती वाचवला, मुहूर्त गेला.

गिरणीच्या साहेबाची हिरवळ कापायचा
हा बुटका ट्रॅक्टर.
आता आमच्या पोर्चमध्ये, स्कूटर उन्हात.
मॅग्नेटो तीनदा उघडला,
चौथ्यांदा झटका बसला तो माझ्याच अंगठ्याला
आणि शिवी आली ती अस्सल इंदुरी हिंदीत.

रविवारी, पोहे गार होता होता,
तो खोकला,
काळं थुंकला,
धडधडत राहिला.
हिरवळ तर नाहीच आमच्याकडे.
गल्लीच्या टोकापर्यंत नेला, वळवून आणला.

पेट्रोल पाझरतंय जरासं,
'आपले विनीत' छापलंय
तिथून.