पुड्या

कोंबच्या आमच्या बॉटिकेत
दर गुरुवारी, दार ओढून घेतल्यावर
पाच जण जमत:
माझे पणजोबा नरसिंह शेणै, एक नोतार,
एस्कोलातले दोन मास्तर
आणि रेल्वेतला तमिळ तारबाबू,
ज्याच्या नावे अड्यारहून मासिक यायचं.

बोलणं सूक्ष्म देहांचं.
रागाला आकार असतो म्हणे,
भक्तीला रंग.
मरणानंतर सात मजले, आणि जिना आतून.
नोतार मधेच घोरायचा.

आतल्या खोलीत म्हाळसाबाय खल घोटत असे.
नरसिंहाची बहीण. बाविसाव्या वर्षी केस उतरवले,
तेव्हापासून आरशाशी अबोला.
तिची खिडकी शिंपल्यांची.
उजेड आत यायचा,
रस्ता यायचा नाही,
गाडी यायची नाही, कोण मेलं ते यायचं नाही.
नुसता उजेड, पिवळट, शिरांचा.

भिंतीपलीकडे पुरुष ज्याच्यावर वाद घालत
ते ती रोज बघत होती
तांदूळ निवडताना.

रंग तिनं मागितले नाहीत.
आयोडीन घेतलं. परमँगनेट. मेथिलीन ब्लू.
हळद घरचीच.
लेबलांच्या पाठकोऱ्या तावांवर
एक वर्तुळ, न मिटलेलं.
निळ्यात बुडत चाललेला त्रिकोण.
एकावर तर काहीच नाही,
वाळलेल्या पाण्याची कड फक्त.

देव काढलास? भावानं विचारलं.
नाही.
झाड?
नाही.
मग हे काय?
गुरुवार, ती म्हणाली.

इन्फ्लुएंझाच्या साली आगबोट आली नाही,
कागद संपला.
कंपाउंडर बोस्त्यांव दारात घुटमळला.
तिनं पेटी उघडून दिली. कात्रीही तिनंच लावली,
चार बोटं लांब, चार बोटं रुंद.
क्विनीन आत, रंग बाहेर.
एक वर्तुळ नावेलीला गेलं, थोडं कुडतरीला,
त्रिकोणाचं टोक राय गावात कुणा पोदेराच्या घरी.
तापलेल्या हातांनी उलगडलं,
जिभेवर झाडलं,
कागद चुलीत.

परवा एक संशोधक बाई आल्या होत्या.
एकूण चित्रं किती, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, तेवढे ताप मोजावे लागतील.
त्यांनी लिहून घेतलं नाही.

एक पुडी आहे माझ्याकडे,
उधारीच्या वहीत चिकटलेली.
पिवळा चौकोन, कडेला तांबूस.
चित्र असेल.
औषध सांडलेलं असेल.
बाई गेल्यावर मी तिला जीभ लावली.

कडू.
पण हळदही कडूच असते.