पाण्याचं वाळवण

ओरुरोच्या बाजारातून गोळा केलेल्या बाटल्या
एउलोखियाने पत्र्यावर आडव्या मांडल्या,
तेव्हा सगळ्यांत आधी हसले ती मीच.
"बटाटे वाळवतात गं, चुन्यो करतात.
पाणी कसलं वाळत घालतेस?"

ती शिडीवरून उतरली नाही.
लेबलाचा चिकट कागद नखाने खरवडत म्हणाली,
"ऊन आरपार जायला हवं. सहा तास.
ढग असले तर दोन दिवस."

आमच्या ओढ्याचं पाणी काचेसारखं.
वरच्या अंगाला लामांचा कळप उतरतो,
तो आम्हाला दिसतो. पाण्यात दिसत नाही.
धाकटा विल्मेर त्या वर्षी तीनदा जुलाबांनी आडवा झाला,
मी दर वेळी थंडीला बोल लावला.

माझं छप्पर गवताचं. बाटली घरंगळते.
हे मी तिला सांगितलं, जरा तोऱ्यातच,
विषय संपावा म्हणून.
दुसऱ्या दिवशी तिने पत्र्याच्या मधोमध
कोळशाने रेघ ओढली.
"इकडच्या तुझ्या."

आता रोज सकाळी मी तिची शिडी चढते.
सासरे कुरकुरतात, कोमट पाण्याला चव नाही म्हणतात,
मग तेच संध्याकाळी उंबऱ्याबाहेर गार करून
घटाघटा पितात.

रेघ पावसात केव्हाच पुसली.

काल आभाळ भरलेलं.
तहानलेल्या विल्मेरने ओढ्याकडे पाहिलं,
मग पत्र्याकडे,
आणि बोटं मोजत म्हणाला,
"ह्या उद्याच्या.
परवाची कुठे ठेवलीस?"