दाताचा आरसा

निवृत्त झाले तेव्हा दवाखान्यातून
एकच वस्तू घरी आणली:
लांब दांडीचा, बटणाएवढा आरसा.
आता तो एन्सिओच्या गोठ्यात असतो,
जिथे गायी नाहीत, जायरोकॉप्टर आहे.

स्नोमोबाईलचं जुनं इंजिन,
ट्रॅक्टरची सीट,
आणि डोक्यावर दोन पाती,
ज्यांना इंजिन नाही, वारा फिरवतो.
"इंजिनाचं काय घेऊन बसलीस, राइली?"
खरंच. तीनदा बंद पडलं ते हवेत,
आणि तिन्ही वेळा पाती गरगरत राहिली,
मांजर पिलू ठेवते तशी
त्याला ओटच्या शेतात ठेवून मग थांबली.

तैस्तोचं इंजिन शेवटपर्यंत छान चालू होतं.
वाऱ्याने उचललं, तो घाबरला,
दांडा पुढे ढकलला.
क्षणभर पात्यांवर वजनच उरलं नाही,
आणि सैल पडलेल्या पात्यांनी
स्वतःचंच शेपूट छाटलं.
सुकाणू आम्हाला मे महिन्यात सापडलं,
बर्फ वितळल्यावर.

एप्रिल. नदी रात्रभर तडतडते.
एन्सिओ सकाळपासून शिट्टी वाजवतोय.
मी शिडीवर चढते,
"आ करा," म्हणते रोटरच्या डोक्याला.
सवय.
नट. कॉटर पिन. पिनेची वाकवलेली टोकं.
मग तो मुख्य बोल्ट, माझ्या करंगळीएवढा,
ज्याला माझा भाऊ लोंबकळतो.
ठोकून बाहेर काढते.
"पुसून ठेवलाय गं," तो खालून.
पुसलेल्याचं मला सांगू नकोस.
माझ्याकडे येताना सगळे दात घासूनच यायचे.

लाल रंग लावते. थांबते. पुसते.
पांढरी पूड फवारते.
थर्मासमधली कॉफी संपते.
आणि पांढऱ्यावर हळूहळू उगवते
केसाएवढी लाल रेघ.

किडलेला दात माणसाला रात्रभर जागवतो.
हा बोल्ट गेल्या रविवारी
ऐंशी किलोमीटर उडाला,
हूं की चूं केलं नाही.

"कुठंय? मला नाही दिसत."
"चष्मा लाव."
"ओरखडा आहे तो."
"असेल."
"उद्या लाउरी येतोय, मुलांना घेऊन. बघायला."

चाळीस वर्षं ऐकलंय हे.
अजून दुखत नाही, डॉक्टर.
सुट्टीनंतर बघू.
लग्न आहे शनिवारी.

मी बोल्ट कोटाच्या खिशात टाकते
आणि सायकलवर बसते.
मागून तो ओरडतो,
अगदी तसाच,
जसा सात वर्षांचा असताना ओरडला होता,
नोव्हेंबरात, नदी नुकतीच गोठली होती
आणि मी त्याचे स्केट लपवले होते.

नवा बोल्ट टाम्पेरेहून यायला अकरा दिवस.
अकरा दिवस तो माझा फोन उचलणार नाही.
चढावर, दर पॅडलला,
खिशातलं ते गार वजन
मांडीवर आपटत राहतं.